बसमध्ये, रांगेत, टपरीवर भेटलेल्या अनोळखी माणसांतून कामाच्या ओळखी कशा करायच्या

फेब्रुवारी २०१६. नाशिकहून पुण्याला येणाऱ्या एसटीत शेजारी एक काका बसले होते, मांडीवर द्राक्षांचा खोका आणि त्या खोक्याचा तळ मधोमध खाली आलेला. मी भोसरीत कोरुगेटेड (आत नागमोडी थर असलेल्या पुठ्ठ्याचे) खोके बनवते, तेव्हा धंदा सुरू करून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे कुणाच्या हातात खोका दिसला की नजर आधी तिकडेच जायची (अजूनही जाते). मी विचारलं, काका, हा कोल्ड स्टोरेजमधून आलाय का? ते एकदम वळून बघायला लागले, म्हणाले तुम्हाला कसं कळलं. मग सांगितलं की कागद दमटपणा पितो, थंडीत बरेच दिवस राहिला की नरम पडतो आणि मग तळ वजन धरत नाही. सिन्नरपासून आळेफाट्यापर्यंत आमच्या गप्पा चालल्या होत्या. काका रिटायर्ड शिक्षक निघाले, द्राक्षं बहिणीच्या मळ्यातली, खोक्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. उतरताना नंबर घेतला, रात्री मेसेज केला आणि पुढे आठ महिने काहीच नाही.

दिवाळीच्या आधी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतून फोन आला, "आमच्या शेजारच्या सरांनी तुमचा नंबर दिलाय, आमचे पार्ट ट्रान्सपोर्टमध्ये खोका फाडून बाहेर येतात, तुम्ही बघाल का?" ते गिऱ्हाईक आजही माझ्याकडे आहे, दर महिन्याला ऑर्डर असते.

आता यातली गंमत बघा, काम काकांनी दिलं नाही, काकांच्या शेजाऱ्याने दिलं. हे नीट डोक्यात बसलं ना की अनोळखी माणसाशी बोलायची अर्धी भीती जाते, कारण मग समोरच्याकडून आपल्याला काही काढून घ्यायचं नसतं, तो खोके घेणाराच हवा असंही नसतं, फक्त त्याला आपण लक्षात राहिलो पाहिजे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. त्याने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं की ज्या ओळखीतून नोकरी कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा, तर फक्त १६.७ टक्के म्हणाले नेहमी, ५५.६ टक्के म्हणाले अधूनमधून आणि २७.८ टक्के म्हणाले क्वचितच. विचार केला तर पटतं. आपले भाऊ, मैत्रिणी, सोसायटीतले लोक यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं, नवीन बातमी वेगळ्या वर्तुळातूनच येते.

घरून निघतानाच एक वाक्य तयार ठेवा

"तुम्ही काय करता?" हा प्रश्न येणारच, आणि तिथे बहुतेक जण संधी घालवतात. मी पण सुरुवातीला सांगायचे, "माझं पॅकेजिंगचं युनिट आहे". लोक हो का म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. आता सांगते, "लोखंडी पार्ट जड असतात ना, ते ट्रकमध्ये खोका फाडून बाहेर पडतात, तसं होणार नाही असे खोके मी बनवते, भोसरीत." हे ऐकलं की माणसाच्या डोळ्यांसमोर चित्र येतं आणि तो मेव्हण्याच्या फॅक्टरीबद्दल बोलायला लागतो.

तुमचं वाक्य पण असंच करा, कुणाची कुठली अडचण तुम्ही सोडवता ते साध्या मराठीत. अकाउंट्सचं काम करत असाल तर "छोट्या दुकानदारांचं जीएसटी रिटर्न मी भरते, वहीत लिहून दिलं तरी चालतं". नोकरी शोधत असाल तर "मी जॉब शोधतोय" एवढंच म्हणू नका, त्याने समोरचा अवघडतो, त्याला वाटतं आता हा माझ्याकडे मागणार. त्यापेक्षा "व्हीएमसी मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकलोय, चाकण-रांजणगाव साइडला कुठे काय चाललंय ते बघतोय". नेमकं बोललं की त्याला नेमकं माणूस आठवतं.

कुठे बोलायचं

जिथे दोघं पंधरा मिनिटं ते तीन तास अडकून पडलेत आणि करायला काही नाही, अशी कुठलीही जागा. एसटी, ट्रेन, बँक, आरटीओची रांग, पासपोर्ट ऑफिसचं वेटिंग, शाळेच्या गेटबाहेर, लग्नाचा हॉल. लग्न तर आपल्याकडची सगळ्यात चांगली जागा आहे असं माझं ठाम मत, कारण "तुम्ही मुलाकडचे की मुलीकडचे?" हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारू शकतं आणि तिथून पुढे सहज जाता येतं. फक्त सगळा वेळ आपल्याच माणसांच्या घोळक्यात बसायचं नाही, जेवायला तरी अनोळखी टेबलावर जायचं.

पण एकदाच भेटण्यापेक्षा तीच माणसं रोज दिसतात अशी जागा दहापट भारी. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावतेय आणि तिचे रोजचे प्रवासी दरवर्षी १ जूनला तिचा वाढदिवस साजरा करतात, का? कारण वर्षानुवर्षं तेच चेहरे, पासवाल्यांच्या डब्यात पोरांची लग्नं जमतात, नोकऱ्या लागतात, डॉक्टर कळतात. तिच्या डायनिंग कारमध्ये टेबलाला समोरासमोर बसावं लागतं, मी मुंबईला जाते तेव्हा मुद्दाम तिथे चहा घेते. मुंबईच्या लोकलच्या लेडीज डब्यात पण तेच. चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला सुरू झाली, त्या गाडीतून रोज जाणाऱ्या बायकांना विचारा, साडीवाली पासून सीएपर्यंत सगळं डब्यातच सापडतं. तुमच्याकडे ट्रेन नसेल तर टेकडी आहे. वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती, कुठलीही घ्या पण रोज त्याच वेळेला जा. पहिला आठवडा फक्त मान हलवा, दुसऱ्या आठवड्यात "आज उशीर झाला वाटतं" एवढं बोला, तिसऱ्यात आपोआप गप्पा सुरू होतात.

आणि एक जागा जी लोक सोडून देतात, गाड्या भरतात तिथे. माझ्यासाठी सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस कोण, तर छोटा हत्तीवाला टेम्पो ड्रायव्हर. तो रोज आठ-दहा गेटवर जातो, कुठली कंपनी शेड वाढवतेय, कुठे माल पडून आहे, कोण पैसे वेळेवर देतं आणि कोण चकरा मारायला लावतं, हे सगळं त्याला माहीत असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. वजनकाट्यावर रांगेत गाडी उभी असते तेव्हा मी ड्रायव्हरांना चहा सांगते आणि बोलत बसते. २०१९ मध्ये एका दादाने सांगितलं की मी ज्या कंपनीत माल टाकतो ते लोक चाकणला नवीन जागा घेताहेत, आतल्या स्टोअरच्या साहेबांना भेटा, सकाळी दहाच्या आत भेटा, नंतर ते फ्लोअरवर जातात. गेले, सव्वानऊला. पहिली ऑर्डर दोनशे खोक्यांची होती. तुमच्या धंद्यात असा माणूस कोण ते शोधा. शाळेच्या कामात असाल तर स्कूल बसवाले काका, इव्हेंटमध्ये असाल तर मंडपवाला, घरं विकत असाल तर वॉचमन आणि इस्त्रीवाले.

सुरुवात कशी करायची

दोघांना समोर दिसतंय त्याच्यावर बोला. गाडी लेट, रांग हलत नाही, टपरीवरचा चहा, समोरच्याच्या हातातली वस्तू. हातातली वस्तू सगळ्यात बेस्ट कारण ती माणूस स्वतःहून घेऊन आलेला असतो. "ही बॅग किती टिकली?" "हे रोप कुठल्या नर्सरीतून घेतलं?" असं काहीही, पण खरंच जाणून घ्यायचं असेल तरच विचारा, नुसतं विचारायचं म्हणून विचारलेलं लगेच कळतं.

हाक मारताना जरा विचार करा. रिक्षावाला, टेम्पोवाला, टपरीवाला तरुण असेल तर दादा, वयस्कर असेल तर काका, गावाकडे भाऊ पण चालतं. बाई चाळीस-पन्नाशीची असेल तर ताई किंवा मॅडम, पटकन काकू म्हणू नका, माझ्यासमोर बऱ्याच गप्पा त्या एका शब्दावर संपल्यात. "अरे-तुरे" कुणालाच नाही, पोऱ्या असला तरी. आणि मराठीत सुरुवात करा, पुण्या-मुंबईत सवयीने आपण अनोळखी माणसाशी हिंदीत सुरू होतो आणि दोन मराठी माणसं अर्धा तास हिंदीत बोलत बसतात, समोरच्याने हिंदीत उत्तर दिलं तर मग बदला.

पुढचा प्रश्न बहुतेक वेळा "तुम्ही कुठले?" हा येतो आणि तो चांगला आहे, गावावरून रस्ता, पाऊस, पीक, जत्रा सगळं निघतं. पण तिथून "आडनाव काय?" वर जाऊ नका. मला हे अगदी मनापासून सांगायचंय. आपल्याकडे आडनाव विचारलं की समोरच्याला वाटतं हा जात काढतोय, आणि अनेकदा ते खरंच असतं. ज्याला आयुष्यभर त्या प्रश्नाचा त्रास झालाय तो तिथेच मिटतो. नाव त्याने स्वतःहून सांगितलं तेवढं पुरे, पगार, लग्न, मुलंबाळं पण नको.

त्याच्याऐवजी माझा एक हुकमी प्रश्न देते: "तुमच्या कामात सगळ्यात कटकटीचं काय असतं?" या एका प्रश्नावर माणूस वीस मिनिटं बोलतो. प्लंबर असो, बँक मॅनेजर असो, नर्स असो, त्यांना हे घरी कुणी विचारत नाही. तुम्ही फक्त ऐका, मध्ये आपलं घुसवू नका, आणि त्या कटकटीवर तुम्हाला खरंच काही माहीत असेल तरच सांगा, नसेल तर "याच्यावर कुणी काम करतं का हो?" असं विचारा. माझ्याकडे खोक्यांच्या आत पुठ्ठ्याचे खण करून द्यायचं काम अशाच एका गप्पेतून सुरू झालं. बँकेत टोकन घेऊन बसले होते, शेजारचे गृहस्थ काचेच्या बाटल्यांत लोणची पॅक करायचे, म्हणाले कटकट एकच, बाटल्या एकमेकींवर आपटतात. टोकन नंबर येईपर्यंत मी त्यांच्याच पावतीच्या मागे खणांचं चित्र काढून दिलं होतं.

बोलायला लाज वाटते, समोरच्याला आवडणार नाही असं वाटतं, हे सगळ्यांनाच वाटतं बरं का. शिकागोमध्ये निकोलस एप्ली आणि ज्युलियाना श्रोडर या दोघांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला, लोकल ट्रेनच्या प्रवाशांपैकी काहींना शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं, काहींना गप्प बसायला, काहींना नेहमीसारखं. आधी विचारलं तेव्हा लोकांना वाटत होतं की बोलण्यात प्रवास वाईट जाईल, आणि प्रत्यक्षात जे बोलले त्यांचाच प्रवास सगळ्यात चांगला गेला. तरी भीती असेल तर छोट्यापासून सुरू करा. लिफ्ट, रिक्षा, टपरी, जिथे पाच मिनिटांत आपोआप संपतं, दिवसाला एकच माणूस.

कधी थांबायचं

दोन प्रश्नांना दोन वेळा एका शब्दात उत्तर आलं की बास. हेडफोन घातलेत, डोळे मिटलेत, फोनवर कुणाशी तरी भांडून आत्ताच ठेवलाय, तर सुरूच करू नका. हॉस्पिटलच्या बाहेर तर कामाचा विषय अजिबात नाही, तिथे पाणी हवंय का एवढंच विचारायचं असतं. आणि ते "एक्स्ट्रा इनकमची आयडिया आहे" करून मॉलमध्ये गाठणारे लोक असतात ना, त्यांच्यामुळे सगळेच सावध झालेत, त्यामुळे पहिल्या भेटीत काहीही विकायचं नाही. रेट विचारला तरी मी म्हणते, "पार्ट बघितल्याशिवाय सांगणं चुकीचं होईल, फोटो पाठवा."

बायकांसाठी वेगळं सांगते कारण आपल्याला हा हिशोब रोज करावा लागतो. माझ्याकडे कामाचं वेगळं सिम आहे, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस आहे, डीपीला युनिटचा फोटो आहे, माझा नाही. अनोळखी माणसाला तोच नंबर. कुठे राहते ते सांगत नाही, युनिट कुठे आहे ते सांगते. कुणी म्हणालं घरी सोडतो, तर नाही. भेटायचं असेल तर दिवसा, युनिटवर, पोरी कामावर असताना. नंबर द्यायचा नसेल तर "तुमचं कार्ड द्या, मी कॉल करते" म्हणायचं, आणि मग करायचा की नाही ते आपल्या हातात राहतं. एखाद्याचं बोलणं दहा मिनिटांत कामावरून तुमच्या साडीवर आलं तर उठून जागा बदला, ओळख गेली तर गेली.

नंबर घेतल्यावर, इथेच खरं काम आहे

नंबर सेव्ह करताना नुसतं "पाटील सर" लिहिलं तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे नऊ पाटील सर असतील. मी लिहिते "नाशिक बस द्राक्ष सर फेब्रु १६". कुठे भेटलो, कशावर बोललो, कधी. शोधताना "द्राक्ष" टाकलं की सापडतं. एक वही पण आहे, त्यात दोन ओळी, त्यांची कटकट काय होती आणि मी काय कबूल केलं.

त्याच रात्री मेसेज, दुसऱ्या दिवशी नाही. असा काहीतरी:

"नमस्कार सर, आज नाशिक-पुणे गाडीत आपण भेटलो, खोके बनवणारी. तुम्ही बहिणीच्या मळ्याबद्दल सांगितलंत ते ऐकून छान वाटलं. खोके जमिनीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवायला सांगा, ओल कमी धरतील."

बस एवढंच. कॅटलॉगची पीडीएफ नाही, व्हिजिटिंग कार्डचा फोटो नाही, उद्यापासून गुड मॉर्निंगची फुलं तर मुळीच नाहीत, त्याने लोक म्यूट करतात आणि मग तुमचा कामाचा मेसेज पण दिसत नाही. पुढे वर्षातून एक-दोनदा, त्या माणसाशी संबंध असलेलं काही निघालं तरच. द्राक्षवाल्या सरांना मी द्राक्षांच्या सीझनला मेसेज करते, दिवाळीला सगळ्यांचे शंभर मेसेज येतात त्यात माझा हरवतो.

दहातल्या सात-आठ ओळखींचं पुढे काहीच होत नाही, ते धरूनच चाला.

मदत मागायची वेळ आली तर मोठं काही मागू नका, एक नाव मागा. "काही काम असेल तर सांगा" याला उत्तर देता येत नाही, "तुमच्या ओळखीत रांजणगावला कुणी स्टोअर किंवा परचेसमध्ये आहे का?" याला देता येतं. आणि नाव मिळालं, फोन केला, तर पुढे काय झालं ते ज्याने नाव दिलं त्याला कळवायचं, काम झालं नाही तरी. "सर, बोलणं झालं, सध्या त्यांची गरज नाही, पण छान बोलले." ही एक गोष्ट जवळजवळ कुणीच करत नाही, आणि जो करतो त्याला दुसरं नाव मिळतं, हे मी स्वतः अनुभवलंय.

एक चूक सांगते म्हणजे तुमची होणार नाही. ट्रेनमध्ये भेटलेले एक गृहस्थ, बोलणं इतकं गोड, घरच्यासारखं, महिन्याभरात ऑर्डर दिली आणि मी ॲडव्हान्स न घेता माल पाठवला. अडतीस हजार आजपर्यंत आले नाहीत. गप्पा छान झाल्या म्हणजे उधारीची खात्री झाली असं नसतं. आता नवीन पार्टी असेल तर आधी त्यांचा पंधरा अंकी-अक्षरी जीएसटी नंबर घेते, जीएसटीच्या पोर्टलवर टाकते, रजिस्ट्रेशन चालू आहे का, कधीपासून आहे, रिटर्न भरतात का हे तिथे फुकट दिसतं, आणि पहिल्या ऑर्डरला अर्धे पैसे आधी. ओळखीचं माणूस मध्ये असलं तरी. खरा धंदेवाला यावर रागावत नाही.

आणि नुसतं आपल्याला काय मिळालं ते मोजत बसू नका, दोन अनोळखी माणसांची एकमेकांशी गाठ घालून द्या. लोणच्यावाल्यांना लेबल छापणारी बाई हवी होती, मला अशी एक टेकडीवर रोज दिसायची, दोघांना विचारून नंबर दिले, मला त्यात एक रुपया नाही. पण त्या बाईने पुढच्या वर्षभरात मला तीन पार्ट्या पाठवल्या. दोघांना आधी विचारायचं मात्र विसरू नका, न विचारता कुणाचा नंबर वाटणं बरोबर नाही.

त्या द्राक्षवाल्या सरांचा या जानेवारीत फोन आला. नात पुण्यात हॉस्टेल बदलतेय, पुस्तकं खूप आहेत, चांगले सहा खोके मिळतील का. पाच प्लायचे, म्हणजे पाच थरांचे, काढून ठेवले, आणि चाकणची कंपनी ज्यांनी सांगितली त्याच टेम्पोवाल्या दादांच्या गाडीतून दुपारच्या फेरीत पाठवून दिले.